हिरामणचं सत्तेचाळिसावं गुणसूत्र

रोह्याला लागून असलेल्या वरशात हिरामणला लांबूनही ओळखता येतं. वय अठ्ठावन्न, उंची सहा फुटांच्या वर, हात असे लांब की सदऱ्याच्या बाह्या त्याला कधीच पुरत नाहीत. कडक ऊन असो की थंडीतली कोवळी सकाळ, तो गळ्यापर्यंत बटणं लावून, काळी छत्री उघडूनच बाहेर पडतो. दूध आणायला शंभर पावलं जायचं असलं तरी छत्री हातात असतेच. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना वाटतं, हा कुणी रंगाला जपणारा रिटायर मास्तर असावा. या माणसाने आयुष्यातली चोवीस वर्षं डोक्याला नुसतं फडकं गुंडाळून मिठागरावर काढली आहेत, हे त्यांना सांगूनही पटायचं नाही.

हिरामणला ते ऊन अजून आठवतं. वडखळच्या पलीकडे, खाडीला टेकलेलं त्याचं गाव. दिवाळी सरली की मिठागराचं काम निघायचं. पावसात विसकटलेले वाफ्यांचे बांध घालून घ्यायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि चिखलाचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. बाप, थोरला भाऊ काळुराम आणि हिरामण एका ओळीत पाय आपटत जायचे, नि बाप मागे वळून बघायचा की कुठे भेग तर राहिली नाही. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत जड होत जायचं, आणि मग एखाद्या सकाळी कडेला पहिली पांढरी साय धरलेली दिसायची. ती दिसली की हिरामण कामाचं विसरून तिथेच उकिडवा बसायचा. पुढे महिना-दीड महिन्याने सगळं आगर पांढरंफटक व्हायचं. दुपारी डोळे उघडून बघवायचं नाही, इतकं.

लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढताना बाकीच्यांना वाफ्याच्या दोन्ही अंगांना फिरावं लागे. हिरामणचा हात एका बाजूने पार मधल्या रेषेपलीकडे पोचायचा. मुकादम त्याला दीड माणूस म्हणायचा. दाढीमिशी मात्र त्याला कधी धड फुटली नाही. हनुवटीवर चार केस नि ओठावर सावली, बस. छातीही जरा भरल्यासारखी होती, म्हणून तो उन्हातसुद्धा बनियन काढायचा नाही. पोरं चेष्टा करायची, तो हसून सोडून द्यायचा.

एकोणनव्वद साली हौसा लग्न होऊन आली. खाडीपल्याडच्या गावची, एकोणीस वर्षांची, कामाला वाघीण. ओल्या मिठाची टोपली डोक्यावर घेऊन अरुंद बांधावरून ती अशी चालायची की खालून बघणाऱ्याचाच तोल जावा. दुपारी सगळे गवती छपराखाली भाकरी आणि सुकट खायला बसायचे, तेव्हा ती कुठून तरी आणलेली कैरी पदराच्या गाठीतून काढून फोडायची नि मोठी फोड गुपचूप त्याच्या भाकरीखाली सरकवायची. खाऱ्या पाण्याने दोघांच्याही टाचांना भेगा पडायच्या. संध्याकाळी ती कोकमतेल तापवायची, आधी त्याच्या पायांना लावायची आणि उरलेलं आपल्या. हिरामणने एकदा वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि आधी तिच्या टाचा धरल्या. सासू बघेल म्हणून ती हसत हसत पाय ओढून घेत होती. पस्तीस वर्षं झाली, पण ते हसू त्याला अजून ऐकू येतं.

मूल झालं नाही. दोन वर्षं, चार वर्षं, सहा वर्षं. हिरामणची आई धोंडुबाई काही कजाग बाई नव्हती. सून आजारी पडली तर उशाशी बसणारी होती. पण नातवंडाचा विषय निघाला की तिचा चेहरा बदलायचा. नवस झाले, भगताचे दोरे झाले, शेजारणींचे काढे झाले. सगळं हौसानेच करायचं, कारण दोष तिचाच हे घरात न बोलता ठरून गेलेलं होतं. कुणाच्या घरी ओटी भरायचा कार्यक्रम असला की हौसा चुलीपाशी असायची. तिला कुणी नको म्हणत नसे. फक्त हाक मारायचं राहून जायचं. थोरली जाऊ विमलबाई हिला तोवर दोन मुलगे झाले होते. तीही हाक मारायला विसरायची.

मग धोंडुबाईने हिरामणसाठी दुसरी मुलगी बघितली. स्थळ चांगलं होतं. हिरामणने ओटीवर सगळ्यांसमक्ष सांगितलं, “मना दुसरी नको. हाय ती बरी हाय.” त्या एका वाक्यावर त्याची गावात कीर्ती झाली. बायका आपल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या. जत्रेत भेटणारे पाहुणे म्हणायचे, हिरामण म्हणजे देवमाणूस. वांझ बायकोला टाकली नाही. हिरामण मान खाली घालायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायला आवडायचं.

यात एक गोष्ट होती, जी त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. शहाण्णव साली हौसा बाजाराचं निमित्त करून पेणला एका लेडी डॉक्टरकडे गेली होती. दोन-तीन फेऱ्यांत तपासण्या झाल्या. डॉक्टरने सांगितलं, तुझ्यात काही खोट नाही, नवऱ्याला घेऊन ये. कामावरून परतताना बांधावर हौसाने हे हिरामणला सांगितलं. तो म्हणाला, मीठ उचललं की जाऊ. मीठ उचललं, पाऊस लागला. हौसाने दिवाळीच्या आधी आणखी एकदा विचारलं. तो म्हणाला, बघू. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही, आणि त्यानेही काढलं नाही. आत कुठेतरी त्याला भीती होती, की तिथे गेलं तर काहीतरी सापडेल.

दोन हजार तीन साली उधाणात मोठा बांध फुटला आणि खाडी आत आली. मालकाने पुन्हा बांध घातला नाही. दोन-तीन पावसाळ्यांत मिठागरावर तिवरांचं रान माजलं. हिरामण आणि हौसा रोह्याला आले, वरशात दोन खोल्या घेतल्या. त्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला काम मिळालं, हौसा मोड आणलेले वाल सोलून बाजारात नेऊ लागली. शिफ्टवरून येताना हिरामण कधी कधी उगाच लांबच्या वाटेने यायचा, कारण त्या बाजूला झाडं नव्हती आणि ऊन अंगावर सरळ यायचं.

तेच ऊन दोन हजार एकवीसच्या चैत्रात त्याच्यावर उलटलं. दोन्ही गालांवर नि नाकाच्या दांड्यावर लाल चट्टा उठला. सकाळी बोटं सुजून मूठ वळेनाशी झाली. बारीक ताप, तोंडात फोड. मलमं झाली. कुणी म्हणालं कंपनीतली पावडर बाधली, कुणी म्हणालं वय झालं. पुढे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे आजाराला नाव मिळालं, ल्युपस.

त्या ओपीडीच्या बाकांवर बहुतेक पोरी नि बायकाच असायच्या. तो एकटा लांब पाय कुठे ठेवावेत या विचारात बसलेला. शेजारची बाई त्याच्याकडे बघायची नाही, हौसाला विचारायची, “तुम्हाला कधीपासून आहे?” हौसा म्हणायची, “मला नाय, यांना.” मग ती बाई पुन्हा एकदा दोघांकडे नीट बघायची.

डॉक्टर मृणाली वयाने लहान होती, पण घाई करायची नाही. तिने आजार समजावून सांगितला. अंगात विषाणू शिरला की पेशी काही प्रथिनं सोडतात. ती दुसऱ्या पेशींना निरोप देतात, की शत्रू आलाय, तयार राहा. त्यातल्या एकाचं नाव इंटरफेरॉन. काम झालं की हे निरोप थांबायला हवेत. या आजारात ते थांबत नाहीत, शत्रू नसतानाही चालूच राहतात, आणि मग लढायला आलेल्या पेशी आपल्याच अंगावर तुटून पडतात. उन्हाने ते आणखी भडकतं.

हिरामण खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, “आमच्याकडं उधाणाला बांध फुटला का एक जण आरोली मारतो. ती ऐकून दुसरा, मग सगला गाव फावडी घेऊन धावतो. म्हंजे हितं बांध फुटलाच नाय, तरी आरोली चालूच?”

“अगदी तसंच, काका. आणि धावून आलेले लोक चांगलाच बांध खणायला लागलेत.”

त्याला ते एकदम पटलं. गोळ्यांनी आरोळी कमी करायची, इतकं त्याने लक्षात ठेवलं. लघवीतलं प्रथिन हळूहळू उतरू लागलं. छत्री त्याच वेळी त्याच्या हातात आली.

वर्षभराने डॉक्टर मृणालीने वेगळंच विचारलं. हा आजार नऊ बायकांमागे एका पुरुषाला होतो, आणि अशा पुरुषांवर तिथे अभ्यास चालू होता. तिने त्याची उंची मोजली, हातांची लांबी मोजली, दाढीबद्दल विचारलं, मुलाबाळांबद्दल विचारलं. पडद्याआड तपासलं. मग त्याच्या संमतीने रक्त घेतलं, गुणसूत्रं मोजायला.

रिपोर्टच्या दिवशी हौसा औषधांच्या रांगेत होती. डॉक्टरने विचारलं, मावशींना बोलवायचं का. तो म्हणाला, आधी मला सांगा.

तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. बाईला दोन एक्स, पुरुषाला एक एक्स आणि एक वाय. हिरामणला सत्तेचाळीस होती. दोन एक्स, आणि वर वाय. इंटरफेरॉनची हाक सुरू करणारा जो पहारेकरी असतो, त्याचं जनुक एक्सवर असतं. दुसरा एक्स बराचसा बंद असतो, पण ते जनुक सगळं बंद होत नाही. बायकांना हा आजार जास्त होण्यामागे हेही एक कारण असावं, असं अभ्यास सांगतात, आणि हिरामणचा धोका म्हणूनच बायकांइतका. यात तुमचा दोष नाही, तुमच्या आईवडिलांचा नाही, कंपनीचाही नाही, ती म्हणाली. गर्भ धरतानाच तसं होतं.

“मुलाबाळांचं?” हिरामणने विचारलं.

“अशा पुरुषांना बहुधा स्वतःहून मूल होत नाही, काका.” तिने पेन खाली ठेवलं. “मावशींना हे कळायला हवं, असं मला वाटतं. पण सांगायचं तुम्ही.”

परतीच्या एसटीत हौसा खिडकीशी बसली होती. पेण गेलं, रामवाडी गेली, वडखळचा नाका आला. अलिबागच्या रस्त्याला वळणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे कुठेतरी त्यांचं गाव होतं. हौसा नेहमीसारखी त्या दिशेला बघत म्हणाली, तुमच्या आईला बोराचं लोणचं फार आवडायचं, नाय? हिरामण डोळे मिटून मागे टेकला. तिला वाटलं, गोळ्यांनी मळमळतंय. तिने पिशवीतली आवळासुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली.

तीन दिवस त्याने जवळ ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी हौसा परातीत वाल सोलत बसली होती. तो समोर बसला, त्यानेही मूठभर वाल घेतले, आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. सत्तेचाळीस, दोन एक्स, मूल. हौसाचे हात थांबले नाहीत. साल निघत होती, दाणा परातीत पडत होता. मग ती म्हणाली,

“मना शाण्णव सालीच ठाव होता.”

“तू परत बोलली नायस कदी.”

“काय बोलायचा? तुमी येत नव्हता. यायचा नव्हता तुमाना.” मग तिने पहिल्यांदा मान वर केली. “लोक तुमाना देवमाणूस म्हनायचे ना, तवा मना राग यायचा. मिठागरावं बाया मना सांगायच्या, हौसा, तुजा नशीब थोर, दुसरी केली नाय त्यानी. मी व्हय म्हनायची. रोज व्हय म्हनायची.”

हिरामणने आयुष्यभर उन्हाळे नि पावसाळे अंगावर घेतले होते, पण असं काही ऐकलं नव्हतं. माफी मागावी म्हटलं तर शब्द हलका वाटत होता. शेवटी तो म्हणाला, मी गावाला सांगतो, सगळ्यांना सांगतो. हौसाने परात बाजूला सारली.

“आता सांगून मना काय भेटनार हाय? पन सांगायचाच आसंल, तर मी हितं नि तुमी तितं आसा नको. मी समोर बसलेली आसताना सांगा.”

त्या माघात पुतण्या अक्षयच्या बायकोची, सुरभीची ओटी भरायची होती. सातवा महिना. हिरामण आणि हौसा आदल्या दिवशीच गावी गेले. संध्याकाळी ओटीवर काळुराम, विमलबाई, अक्षय आणि दोन-चार जवळचे बसले होते. हौसा सवयीने आत निघाली. हिरामण म्हणाला, “गो, बस हितंच.” ती खांबाला टेकून बसली.

त्याने आडवळणं घेतली नाहीत. मूल न होण्याचं कारण माझ्यात होतं, जन्मापासून होतं, रक्ताच्या तपासात निघालं. हौसात काही खोट नव्हती. तिने मला तेव्हाच सांगितलं होतं, मी तपासायला गेलो नाही. आई गेली तोवर तिला खरं कळलं नाही, ते माझ्यामुळे. त्याने हौसाकडे बघितलं. आणखी एक गोष्ट राहिली होती. “दुसरी केली नाय म्हनून माजा नाव झाला. ते माजा नव्हता, हिचा होता.”

काळुरामचा चेहरा उतरला. या वयात, उद्या घरात कार्य असताना हे कशाला काढायचं, चार लोकांत जाईल, असं तो पुटपुटला आणि उठून अंगणात गेला. विमलबाई कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या मनात वेगळंच काहीतरी चाललं होतं, आणि ते शेवटी बाहेर आलं. हे जन्माचं असेल तर घराण्यात आहे का? सुरभीच्या पोटातल्या बाळाला होईल का?

उत्तर हौसाने दिलं. नंतरच्या खेपेला तिने स्वतः डॉक्टर मृणालीला हेच विचारलं होतं, सुरभीचंच नाव घेऊन. जादा गुणसूत्र काकाकडून पुतण्याकडे जात नाही, ते ज्याच्या त्याच्या वेळी घडतं. ल्युपसची थोडी ओढ नात्यात असू शकते, पण ओढ म्हणजे आजार नव्हे. बहुतेकांना काही होत नाही. “बालाला भ्यायचा कारन नाय, वयनी,” ती म्हणाली.

विमलबाई तिच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सुरभी हिरवी साडी नेसून पाटावर बसली. तिच्या आईने ओटी भरली, विमलबाईने भरली. हौसा स्वयंपाकघरात नारळ खवत होती. विमलबाई दारात येऊन उभी राहिली. ती काही समजुतीचं बोलली नाही. “हात धू आनि ये भाईर,” एवढंच म्हणाली, आणि हौसा येईपर्यंत दारातून हलली नाही.

तांदळाचं ताट हातात दिल्यावर हौसा गोंधळली. पस्तीस वर्षांत शेकडो ओट्या तिने आतून ऐकल्या होत्या, भरली एकही नव्हती. किती ओंजळी, आधी नारळ की आधी तांदूळ, काही सुचेना. सुरभीने मान खाली घालूनच हळू सांगितलं, “पाच येला, काकी.” हौसाने पाच वेळा ओंजळ भरली. चौथ्या वेळी थोडे तांदूळ खाली सांडले, ते कुणी बघितल्यासारखं केलं नाही. हिरामण अंगणातल्या मांडवाच्या सावलीत उभा राहून बघत होता. त्याला एकोणनव्वद सालची मुलगी दिसत होती, अरुंद बांधावरून भरल्या टोपलीने येणारी.

गावात बोलणं झालंच. काहींनी हिरामणला टाळलं, काहींनी त्याच्या दाढीवरून जुनेच विनोद नव्याने केले. काळुराम दोन महिने फोनवर तुटक बोलला, मग आपोआप सैल झाला. देवमाणूस आता त्याला कुणी म्हणत नाही. हौसा घरात पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागली. कधी तीस वर्षांपूर्वीचं एखादं बोलणं काढून भांडते, आणि भांडण संपलं की त्याच काळातली एखादी गंमत सांगून हसते. हिरामणला दोन्ही ऐकावं लागतं. तो ऐकतो.

वैशाखात सुरभीला पेणला मुलगी झाली. विमलबाईचे गुडघे दुखत होते, तिने हौसाला बोलावून घेतलं. बाळंतिणीचं बघायला आठ दिवस म्हणून गेलेली हौसा तिसऱ्या आठवड्यातही गावीच होती. हिरामण वरशात एकटा भात लावायचा, मोजून गोळ्या घ्यायचा, आणि संध्याकाळी गॅलरीत बसून फोन करायचा. एका संध्याकाळी सांगायला खरीच बातमी होती. लघवीचा रिपोर्ट आला होता, प्रथिन जवळजवळ नव्हतंच, डॉक्टर एक गोळी कमी करणार होती.

हौसाने ऐकून घेतलं. मागून बाळाचं रडणं येत होतं, आणि विमलबाई कुणाला तरी तेलाची वाटी मागत होती.

“बरा झाला,” हौसा म्हणाली. “ठेवतांव आता. हिचा पानी तापलाय.”